अब्रू, पत आणि दारातला तगादा

'दिवाळे' हा शब्द आपण हरघडी वापरतो. पण त्या शब्दात दिवा का आहे, याचा विचार सहसा करीत नाही. जुन्या पेढीवाल्यांत एक चाल होती, असे परंपरेने सांगत आले आहेत. व्यापारी बुडाला, देणी भागविता येईनाशी झाली, की तो गादी-तक्के गुंडाळून ठेवी, भर दिवसा दुकानात दिवा लावी आणि तोंड लपवून निघून जाई. उन्हात जळणारा तो दिवा पाहिला, की बाजार काय ते समजे. पंचनामा नको, नोटीस नको, वर्तमानपत्रातली जाहिरात नको. एका दिव्याने साऱ्या पेठेला वर्दी मिळे.

असली चाल आपल्याकडेच होती असे समजू नका. इटलीतल्या पादुआ शहरात, जुन्या न्यायमंदिराच्या दालनात, एक काळा दगड अजून जपून ठेवलेला आहे. कर्ज फेडू न शकणाऱ्याला अंगावरच्या वस्त्रांपैकी एखादेच ठेवून त्या दगडावर लोकांदेखत तीनदा आपटून बसावे लागे आणि 'माझे सर्वस्व सोडले' असे म्हणावे लागे. तेवढे केले, की तुरुंग टळे. म्हणजे अब्रू हा एक प्रकारचा चलनी पैसाच झाला म्हणायचा! नाणे संपले, की माणूस अब्रू मोजून देई आणि सुटका करून घेई.

वाचकहो, आपल्या भाषेत या बाबतीत दोन शब्द आहेत, आणि ते वेगळे ठेवलेले बरे. एक 'पत' आणि दुसरी 'अब्रू'. पत बाजारात असते, अब्रू आळीत असते. पत म्हणजे हा माणूस पैसे देईल असा दुसऱ्याचा विश्वास. अब्रू म्हणजे चार माणसांत आपण मान वर करून चालू शकतो ही आपली खात्री. पत गेली तर उधार मिळत नाही. अब्रू गेली तर झोप लागत नाही. गंमत अशी, की पत राखण्यासाठी माणूस हिशेब दाखवितो आणि अब्रू राखण्यासाठी तोच हिशेब लपवितो. पुढे जे सांगायचे आहे त्याचा धागा हाच.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबाने १८१९ साली नव्या मुलखाची हकीकत लिहून वरिष्ठांकडे पाठविली. तीत 'तगादा' या प्रकाराचे वर्णन आहे. तगादा म्हणजे आपण आज समजतो तशी नुसती पैशांची आठवण नव्हे. पहिली पायरी नुसत्या विनवणीची. मग ऋणकोच्या दारात माणूस बसवायचा; त्याला बाहेर जाऊ द्यायचे नाही, जेवू द्यायचे नाही. त्यापुढची पायरी उन्हात उभे करण्याची, डोक्यावर धोंडा देण्याची. हे सरकारी शिपाई करीत नसत, धनको स्वतः करी किंवा त्यासाठी माणूस ठेवी. आणि यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की ऋणकोला उपाशी ठेवायचे तर धनकोलाही उपाशी राहावे लागे. ज्याचे पोट बळकट त्याची जीत, अशी ही कुस्ती होती. सावकाराने घरी जाऊन जेवावे आणि आपला माणूस दारात बसवून ठेवावा, हे रीतीला धरून नव्हते.

हा तगादा गरिबांपुरताच होता असे मुळीच नाही. पगार थकला, की मराठी फौजा आपल्या सरदाराला, वेळप्रसंगी खुद्द कारभाऱ्याला धरणे देऊन बसत. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने असे धरण्याचे प्रकार आपल्या पत्रांतून नोंदले आहेत. हजारोंच्या फौजेचा मालक, आणि त्याला आपल्याच शिपायांनी तंबूत अडकवून ठेवलेले! पुढे पैसे मिळाले, की तीच फौज त्याच धन्यासाठी लढायला तयार.

थोरल्या बाजीरावाची गोष्ट तुम्ही शाळेत वाचली असेल ती घोड्यावरची, कणीस चोळून खाण्याची. त्याची पत्रे वाचली, की दुसरा बाजीराव दिसतो. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत तो कर्जाने गांजून गेलेला आहे. सावकारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी गेली, अशा आशयाचे गाऱ्हाणे त्याने केले आहे. गुजराथ आणि माळवा पालथा घालणारा हा पुरुष, शत्रूपुढे कधी वाकला नाही. सावकारापुढे वाकला, आणि ते लिहूनही ठेवले. कोणाला? तर आपल्या गुरूला, जो त्याचा सावकारही होता. थोरल्या माधवरावाला क्षयाने गाठले, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला त्याचा अंत झाला. त्यापूर्वी त्याने जी निरवानिरवीची कलमे लिहून ठेविली, त्यांत कर्ज फेडण्याचे कलम आहे. त्या काळी मरणापूर्वी देणे भागविणे हा धर्माचाही प्रश्न होता. बापाचे ऋण मुलाच्या डोक्यावर बसते, आणि न फिटलेले ऋण पुढल्या जन्मीही पाठ सोडत नाही, अशी लोकांची समजूत होती.

आता सावकाराची बाजू पाहा. गोष्टींत तो नेहमी पोट सुटलेला आणि निर्दय असतो. पण अब्रूची धास्ती त्यालाही होती, कदाचित जास्तच. हुंडीचा व्यवहार सारा विश्वासावर चाले. पुण्याच्या पेढीने काशीच्या पेढीवर हुंडी लिहिली आणि काशीवाल्याने ती नाकारली, तर बोभाटा दोन्ही गावांत होई. म्हणून व्यापाऱ्यांनी एक नाजूक युक्ती काढली होती. हुंडीबरोबर 'जिकरी' नावाची एक चिठ्ठी देत. ती त्याच गावातल्या तिसऱ्या एखाद्या पेढीच्या नावे असे. तिचा मतलब असा, की ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने ती पटविली नाही, तर आपण आमच्या नावाखातर ती पटवावी. म्हणजे हुंडी परत येण्याची नामुष्की टळे. लाज टाळण्याची ही सोय पाहिली, की त्या लोकांच्या शहाणपणाचे कौतुक वाटते. त्यांनी लाजेला धंद्यातून हाकलून दिले नाही. ती कोसळून पडू नये म्हणून तिला एक टेकू दिला.

इंग्रजी अंमल आला आणि या सगळ्याचे रूप पालटले. धरणे आणि तगादा हे गुन्हे ठरले. १८६० च्या दंडसंहितेतले ५०८ वे कलम दैवी कोपाचा धाक घालण्याबद्दलचे आहे, आणि त्याचे पहिलेच उदाहरण दारात धरणे धरून बसणाऱ्याचे आहे. ती दंडसंहिता २०२४ साली जाऊन नवी आली, तोवर ते उदाहरण पुस्तकात होतेच. दारातल्या तगाद्याच्या जागी दिवाणी कोर्ट आले, कोर्टाचा हुकूमनामा आला, बेलिफाची जप्ती आली. वरवर पाहता ही सुधारणा होती, आणि पुष्कळ अंशी होतीच. डोक्यावर धोंडा घेऊन उन्हात उभे राहणे कोणाला आवडेल? पण एक फरक पडला. पूर्वी सावकाराला ऋणकोच्या दारात, साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर बसावे लागे. गाव पाहत असे. फार झाले तर पाटील मध्ये पडे. आता तालुक्याच्या कोर्टात एकतर्फी निकाल होऊ लागला. कुणब्याला समन्स वाचता येत नसे, वाचले तरी जायला गाडीभाडे नसे, आणि पुष्कळांना कोर्टाची पायरी चढणे हेच अब्रू गेल्यासारखे वाटे. म्हणून ते गेलेच नाहीत. लाजेने जे गैरहजर राहिले, त्यांच्यावर हुकूमनामे बजावले गेले.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी ठिणगी पडली. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या गावातल्या मानाच्या माणसावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळविला आणि त्यात घर घेऊन ते पाडायला काढले. आता दीडशे रुपये ही काही राज्य बुडण्याची रक्कम नव्हे. जमिनी तर कितीतरी जणांच्या गेल्या होत्या, त्यावर गाव उठले नव्हते. पण देशमुखाचा वाडा सर्वांच्या देखत खाली येतो, आढी-वासे उतरतात, हे गावाला सोसले नाही. जमीन गेली तर ती कागदावर जाते, आपणच कसतो, कोणाला सांगावे लागत नाही. घर पडले की पडले!

गावाने काय केले? प्रथम त्याने तेच हत्यार उचलले. सावकाराची लाज काढायची. त्याची शेते कोणी कसायची नाहीत, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही. गावागावांतून असे करार झाले, आणि मोडणाऱ्याला जातीबाहेरची शिक्षा ठरली. कोर्टाने सावकाराला गावच्या नजरेपासून जे संरक्षण दिले होते, ते गावाने असे काढून घेतले. काही सावकार मालमत्ता गाड्यांत भरून तालुक्याच्या गावी निघून गेले.

पुढे १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, दंगा उसळला, तो पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. या दंग्याचे वैशिष्ट्य सरकारी चौकशी मंडळानेच नमूद केले आहे. माणसांना इजा फार थोडी झाली. लोकांना पाहिजे होते ते कागद. खते, रोखे, हुकूमनामे. जिथे सावकाराने ते मुकाट्याने दिले तिथे पुष्कळदा त्याला कोणी हात लावला नाही. कागद चौकात आणून जाळले. आपल्या अंगठ्यांचे आणि नांगराच्या निशाणीचे ते कागद, ज्यांत काय लिहिले आहे हे आपल्याला कधी कळले नव्हते, ते जळताना पाहण्यात कुणब्याला काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

या चौकशी मंडळाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती फारशी कोणी ध्यानात घेत नाही. रयत लग्नकार्यांत उधळते, ऋण काढून सण करते, म्हणून कर्जबाजारी होते, असे तेव्हाही सारे शहाणे लोक म्हणत. मंडळाने हिशेब तपासले आणि लग्नखर्चाला या बाबतीत वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे, असा निर्वाळा दिला. बियाणे, बैल, सारा, पोटाला धान्य, आणि मागल्या कर्जाचे व्याज, यांतच कर्ज वाढत होते. पण सारा भरायला कर्ज काढले असे सांगण्यापेक्षा लेकीचे लग्न केले असे सांगणे बरे वाटते. पहिल्यात दैन्य आहे, दुसऱ्यात मोठेपणा. मला वाटते, लग्नाचा खर्च गाऱ्हाण्यात एवढा वर आला तो काही अंशी यामुळेही असेल. अर्थात हा माझा तर्क.

दंग्यानंतर १८७९ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला पकडून तुरुंगात टाकण्याची तरतूद त्याने बंद केली. न्यायाधीशाने मागचा सारा व्यवहार उकलून पाहावा, खते गावच्या रजिस्ट्रारासमोर व्हावी, तडजोडीसाठी मध्यस्थ नेमावे, अशी कलमे त्यात होती. कायदा सर्व हेतूंना पुरा पडला असे नाही. सावकारांनी गहाणाऐवजी विक्रीखते लिहून घेण्याची वाट काढली. पण कर्ज न फिटणे आणि गुन्हा करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे तरी कायद्याने मान्य केले.

आता आपण मुंबईला येऊ. कारण ज्या कापसाने दक्षिणेतल्या कुणब्याला कर्ज मिळवून दिले, त्याच कापसाने मुंबईत दुसरे एक नाटक घडविले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या सुमारासच आपल्याकडे मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांचा कायदा आलेला होता. १८५७ साली इतर कंपन्यांना आणि १८६० साली बँकांना ती सवलत मिळाली. या दोन शब्दांचा अर्थ लक्षात घ्या. पेढी बुडाली तर मालकाचे घर जाई. कंपनी बुडाली तर भागीदाराचे फक्त भाग जाणार. भांडवल गोळा करायला ही सोय फार उत्तम, तिच्यावाचून गिरण्या नि रेल्वे उभ्या राहिल्या नसत्या. पण दिवसा दिवा लावायचा कोणी? कंपनीला ना तोंड, ना कपाळ.

मुंबईत बँका, जमीन भरावाच्या कंपन्या, नुसत्या नावाच्या कंपन्या यांचे पीक आले. बॅक बेच्या भागांवर लोक तुटून पडले. कापसाचा आणि भागांचा राजा म्हणून प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघर झाले. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस गडगडला, आणि १ जुलैला पुरे करायचे वायदे कोणालाच पुरे करता येईनात. इतके लोक बुडाले, की त्यांच्यासाठी त्याच वर्षी खास कायदा करावा लागला.

यात बँक ऑफ बॉम्बेची कथा मला सर्वांत बोधक वाटते. ही १८४० ची बँक, सरकारचेही भाग तीत होते. १८६३ च्या कायद्याने तिला कर्जे देण्याची मोकळीक मिळाली आणि भागांच्या तारणावर वाटेल तशी कर्जे गेली. आत काय चालले आहे हे संचालकांना कळायला हरकत नव्हती. पण चौकशीत जे निघाले ते निष्काळजीपणाचे आणि अधिकाराच्या गैरवापराचेच. जवळजवळ सगळे भांडवल गेले आणि १८६८ साली बँक गुंडाळून त्याच नावाची नवी काढावी लागली. प्रत्येक संचालक घरी अब्रूदार गृहस्थ होता. कोणी नोकराचे पैसे थकविले नसतील. एकत्र बसले, की त्या अब्रूचे बारा वाटे झाले आणि कोणाच्याच वाट्याला पुरेशी लाज उरली नाही.

प्रेमचंद बुडाले, पण त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतला मनोरा आईच्या नावाने १८७८ साली पुरा झाला, तो राजाबाई टॉवर आजही उभा आहे. स्वतः त्यांनी पुन्हा कापसाचा धंदा करून बरेच सावरून घेतले. ते १९०६ साली वारले.

त्या मुंबईत १८९६ च्या जानेवारीत एक परदेशी पाहुणा व्याख्याने द्यायला आला होता. तो मार्क ट्वेन. त्याची प्रकाशनाची पेढी १८९४ साली बुडाली होती. कायद्याने दिवाळे काढून सुटका होत होती, तरी पै अन् पै देईन म्हणून साठीच्या घरातला हा माणूस जगभर व्याख्याने देत फिरला, आणि १८९८ पर्यंत त्याने सारे कर्ज फेडले. असे लोक कंपन्यांतही निघाले. १९२४ साली टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात पगार वाटायला पैसा नव्हता. सर दोराबजी टाटांनी आपली खासगी दौलत, सुमारे एक कोट रुपयांची, बँकेकडे गहाण टाकली. तीत पत्नी मेहेरबाईंचा तो नामांकित ज्युबिली हिराही होता. कायदा त्यांना असे करायला सांगत नव्हता. कायद्याने जी भिंत बांधून दिली होती तिच्यात त्यांनी आपल्या हाताने दार पाडले.

उलट उदाहरण ताजे आहे. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली, की बँकेतली म्हणून दाखविलेली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रक्कम अस्तित्वातच नाही. कथा कशी सुरू झाली हे त्याच पत्रात आहे. खरा नफा आणि दाखविलेला नफा यांत प्रथम थोडे अंतर होते. ते सांगता आले नाही, आणि दर तिमाहीला वाढत गेले. हेच आपल्या आळीतला कारकून करतो. पहिले दोनशे रुपये हातउसने घेतले ते बायकोला सांगत नाही. मग ते फेडायला दुसरे, आणि भावाकडे मागायला लाज वाटते म्हणून दुप्पट व्याजाने परक्याकडून. सोने गहाण टाकायचे तर मुद्दाम दुसऱ्या गावच्या सराफाकडे. भाऊ बिनव्याजी देता, पण भावाला कळले असते.

वसुली करणाऱ्यांना ही नस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात ऋणकोचा पाठलाग करणे, त्याच्या घराभोवती घुटमळणे हा गुन्हा ठरविला होता. २०१४ साली महाराष्ट्राचा नवा सावकारी कायदा आला. १९८० साली कोचीन बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्याच्याजवळ खरोखरच पैसा नाही त्याला नुसत्या देण्यासाठी तुरुंगात घालता येणार नाही. तरी लाजेचे हत्यार म्यानात गेले नाही. ठाणे महापालिकेने २०१६ साली मालमत्ता कर थकविणाऱ्यांच्या दारात ढोलताशे वाजविले, आणि म्हणे वसुलीही झाली! बँकांनी थकबाकीदारांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापली. तेव्हा त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेला बंधन घालावे लागले, की छायाचित्र छापायचे तर ते जाणूनबुजून बुडविणाऱ्याचेच छापावे. ऐपत असून न देणारा आणि ऐपत नसल्याने न देणारा, हा भेद तिथेही करावा लागला.

अलीकडे तगाद्याने मोबाइलमध्ये बिऱ्हाड केले आहे. पाच-दहा हजारांचे कर्ज काही मिनिटांत मिळते. घेताना फोनमधली नावांची यादी आणि फोटो उघडे होतात. हप्ता चुकला, की संदेश जातो तो सासऱ्यांना, कचेरीतल्या साहेबांना, मुलाच्या बाईंना. काही तरुणांनी यापायी जीव दिला, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. रक्कम किती होती हे वाचले, की मन सुन्न होते. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने याबद्दल नियम केले. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधली नावांची यादी, फोटो यांना हात लावायचा नाही. प्रत्यक्ष कर्ज देणारी बँक अथवा वित्तसंस्था कोणती, व्याज आणि खर्च धरून दर किती, तक्रार ऐकणारा अधिकारी कोण, हे ऋणकोला सांगितलेच पाहिजे. ते नाव आणि तो दर कर्ज घेण्यापूर्वी लेखी मागून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. आणि तुमच्या घरातल्या कोणी असे कर्ज गुपचूप घेतले असेल, तर त्यालाही आहे.